आधी वही, मग यंत्र
यंत्रमागधारकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वीकार कोणत्या अटीवर करावा?

कृत्रिम बुद्धिमत्ता, जिला आता शाळकरी मुलेही 'एआय' म्हणून ओळखतात, तिच्याविषयी सध्या इतके बोलले व लिहिले जात आहे की या पानावर आणखी एका लेखाची भर कशाला, असे वाचक विचारतील. आमचे म्हणणे एवढेच की, जे लिहिले जाते ते बहुतेक मोठ्या कंपन्यांसाठी आणि नोकरदारांसाठी असते. बारा किंवा चोवीस माग चालविणाऱ्या मालेगाव-भिवंडीच्या कारखानदाराने, त्याला सूत देणाऱ्या व्यापाऱ्याने आणि मागावर उभ्या असलेल्या विणकराने या नव्या वस्तूचे काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये 'इंडिया एआय मिशन'साठी दहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. त्यातला किती पैसा पत्र्याच्या शेडखाली खडखडणाऱ्या मागापर्यंत पोहोचेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

तरीही हा विषय टाळता येणार नाही. कारण तो आपल्याकडे सरकारच्या दारातून न येता खरेदीदाराच्या दारातून येत आहे.

आपला माग ज्या साखळीत आहे ती डोळ्यांपुढे आणावी. विदर्भ-खानदेशातला कापूस जिनिंगमध्ये जातो, त्याच्या गाठी सूतगिरणीत जातात, सूत व्यापाऱ्यामार्फत सायझिंगला येते, तेथून बीम आपल्या कारखान्यात येते. मागावरून उतरलेला ताका कोऱ्या स्वरूपात पाली, बालोत्राकडे रंगाई-छपाईला जातो आणि मग देशभरच्या बाजारांत. या साखळीच्या वरच्या टोकाला नवे तंत्र केव्हाच पोहोचले आहे. मुंबईच्या वाधवानी संस्थेने कापसावरील बोंडअळीसाठी एक मोबाइल व्यवस्था तयार केली. शेतातल्या सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो काढला की यंत्र त्यांची मोजणी करते आणि फवारणी करावी की थांबावे, हे सांगते. फवारणी वेळेवर आणि गरजेपुरती झाली तर शेतकऱ्याचा पैसा वाचतो आणि जमिनीत विषही कमी जाते. गाठींच्या बाबतीत 'कस्तुरी कॉटन भारत' हा उपक्रम डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे. त्यात गाठीवरील खुणेवरून कापूस कोणत्या जिनिंगमधला, कोणत्या प्रतीचा, हे पाहता येते.

खालच्या टोकालाही हेच चालले आहे. युरोपीय संघाचा टिकाऊ उत्पादनांविषयीचा नवा कायदा १८ जुलै २०२४ रोजी अमलात आला. कापड त्याच्या प्राधान्याच्या यादीत आहे. कापडासाठीचे तपशीलवार नियम टप्प्याटप्प्याने यायचे असले तरी दिशा स्पष्ट आहे. प्रत्येक मालाचा एक 'डिजिटल पासपोर्ट' असावा आणि त्यात माल कशाचा, कोठे बनला, किती संसाधने खर्च झाली, याची नोंद असावी, अशी ती कल्पना आहे. आपला बहुतेक माल युरोपला जात नाही, हे खरे. परंतु बड्या खरेदीदारांची सवय एका बाजारापुरती राहत नाही. आज निर्यातदाराला विचारला जाणारा प्रश्न उद्या मुंबईचा घाऊक व्यापारी आपल्याला विचारणार. शेतात उजेड, दुकानात उजेड आणि मधल्या कारखान्यात मात्र अंधार, अशी आपली स्थिती आहे. चिठ्ठीवर सूत, तोंडी भाव, अंदाजे मीटर. अशा कारखान्याला साखळीतून वगळायला कोणी कायदा करणार नाही. त्याला ऑर्डर येणे थांबेल, एवढेच.

आता या यंत्राचे मर्म काय, ते समजून घेऊ. ते जादू करीत नाही. मागील नोंदी चाळून त्यांतला मेळ शोधणे आणि त्यावरून पुढचा अंदाज सांगणे, हे त्याचे मुख्य काम. नोंदीच नसतील तर ते मुके आहे. नोंदी खोट्या असतील तर ते आत्मविश्वासाने खोटे बोलते. म्हणून आमच्या मते पहिला खर्च सॉफ्टवेअरवर करण्याची गरज नाही, तो वहीवर करावा.

मुस्लिम व्यापाऱ्याला हे बाहेरून शिकण्याचे कारण नाही. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत ही सूरह बकराची २८२ वी आयत होय, आणि ती नमाज किंवा रोजाविषयी नाही. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. ज्या समाजाच्या ग्रंथात सर्वांत लांब आयत हिशेब लिहिण्यावर आहे, त्या समाजाच्या कारखान्यात वर्षाचा हिशेब सिगारेटच्या पाकिटावर असावा, ही शरमेची गोष्ट नाही काय? 'आपसात भरोसा आहे' असे म्हणून आपण लिहिणे टाळतो. भरोसा टिकावा म्हणूनच लिहायचे असते, हे विसरतो.

कोणत्या नोंदी? एक साधा हिशेब मांडू. समजा, माग मिनिटाला १४० पिक या वेगाने चालतो आणि कापड इंचाला ५२ पिकांचे आहे. एकदाही न थांबता बारा तास चालला तर सुमारे ४९ मीटर कापड निघेल. प्रत्यक्षात धागा तुटतो, कांडी संपते, बीम बदलायचे असते, वीज जाते. माग ८० टक्के वेळ चालला तर साधारण ३९ मीटर हाती येते. हेच प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले तर एका मागावर पाळीमागे जवळपास अडीच मीटर वाढतात. चोवीस माग आणि दोन पाळ्या धरल्या तर दिवसाला सुमारे ११८ मीटर. नवा माग नको, नवी जागा नको, फार मोठे वीजबिल नको. फक्त माग का थांबतो हे कळायला हवे.

ते कळण्यासाठी प्रत्येक मागाशेजारी एक कागद पुरतो. माग थांबला की कारण लिहायचे: ताणा तुटला, बाणा तुटला, बीम संपले, वीज, मेकॅनिकची वाट. सोबत त्या दिवशीच्या सुताचा लॉट नंबर, गिरणीचे नाव आणि सायझिंगचे नाव. दोन-तीन महिन्यांच्या अशा नोंदी मोबाइलमध्ये भरल्या की साधी, स्वस्त साधनेही त्यांतून मेळ काढून देतात. अमुक गिरणीच्या सुतावर तुटण्याचे प्रमाण दीडपट आहे, अमुक सायझिंगचे बीम पावसाळ्यात बिघडते, पाच आणि नऊ नंबरचे माग रात्रपाळीतच जास्त थांबतात. अनुभवी कारखानदाराला यातले निम्मे आधीच ठाऊक असते. पण व्यापाऱ्याशी भांडताना 'मला ठाऊक आहे' हे चालत नाही, तारीखवार कागद चालतो. खराब सुताची भरपाई मागणे ज्यांना आजवर जमले नाही, त्यांनी याचा विचार करावा.

भाषेची अडचण पूर्वी होती, ती आता पुष्कळ कमी झाली आहे. सरकारच्या 'भाषिणी' उपक्रमात मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. बोलून नोंद करणे, उर्दूतील पत्राचे मराठी किंवा इंग्रजी करून घेणे, बिलाच्या फोटोवरून आकडे उतरवून घेणे, ही कामे साधा मोबाइल करू लागला आहे. यात चुका होतात, विशेषतः आकड्यांत. म्हणून संध्याकाळी एकदा नजर टाकलीच पाहिजे.

वीज हा दुसरा मुद्दा. टिकाऊपणाची भाषा आपल्या लोकांना परदेशी वाटते, पण इसराफ ही आपलीच संज्ञा आहे. महिन्याचे वीज युनिट भागिले विणलेले मीटर, हा आकडा किती कारखानदारांकडे आहे? देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन वायू हवेत जातो, असे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकडेवारीवरून दिसते. म्हणजे मीटरमागे युनिट माहीत असले की खरेदीदाराच्या 'कार्बन' प्रश्नाचे निम्मे उत्तर एका गुणाकारात निघते. त्यासाठी सल्लागाराला हजारो रुपये द्यायची गरज नाही.

उरलेले निम्मे उत्तर सायझिंगमध्ये आहे आणि तेथे आपली बाजू लंगडी आहे. बॉयलरमध्ये प्लास्टिकचा कचरा जाळला जातो, ही मालेगावची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. त्याचा धूर ज्यांच्या छातीत जातो ती आपलीच मुले. कारखानदार म्हणेल, सायझिंग माझे नाही. खरे आहे, पण बीम त्याचे आहे. बांडी आणि लुणी नद्यांच्या प्रदूषणावरून पाली-बालोत्राच्या रंगाई कारखान्यांवर न्यायालयाचे व हरित लवादाचे आदेश वेळोवेळी निघाले. तिकडे कारखाने थांबले की इकडे ताक्यांच्या थप्प्या वाढतात. साखळीतल्या एका कडीचा गुन्हा सगळ्या कड्या भोगतात. कोणते इंधन वापरता, हे सायझिंगवाल्याला विचारून बिलावर लिहून घेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. ही गोष्ट कोणतेही यंत्र आपल्या वतीने करणार नाही.

आता अंदाजाकडे वळू. विक्रेते सर्वांत जास्त गाजावाजा याचाच करतात: मागणी आधी कळेल, सूत स्वस्त असताना घेता येईल. मंदी आली की संघटना बसून काही दिवस माग बंद ठेवण्याचे ठरवतात, हे आपण पाहत आलो आहोत. तोवर गोदाम भरलेले असते, सूत उधारीवर घेतलेले असते आणि बंदचा भार रोजंदारीवरच्या विणकरावर पडतो. कोणत्या जातीचा ताका कोणत्या महिन्यात किती दिवस पडून राहिला, याची तीन वर्षांची नोंद असेल तर निदान नको तो माल विणणे थांबवता येईल. एवढ्यापुरता अंदाज कामाचा आहे. त्यापलीकडे जाऊ नये. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली आणि पुढे भाव कोसळले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. मागील आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राला असल्या गोष्टींचा सुगावा लागत नाही. यंत्राच्या अंदाजावर उधारीने सूत भरून ठेवणे हा सट्टाच होय, आणि सट्ट्याविषयी आम्ही वाचकांना वेगळे सांगायला नको.

कापड तपासणाऱ्या कॅमेऱ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण येथे न्यायाचा प्रश्न येतो. कापडाचे दोष मोजण्याची चार गुणांची पद्धत व्यापारात रूढ आहे. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्याहून मोठ्याला चार. शंभर चौरस वारांमागे साधारण चाळीस गुणांपर्यंतचा ताका चालतो. हेच काम आता कॅमेरा आणि एआय करतात. माणसाची नजर दिवसअखेर थकते, कॅमेऱ्याची थकत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगाऱ्यात हात घातला, तो आत ओल लागली, हा प्रसंग आपल्या व्यापाऱ्यांना पाठ आहे. ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. घडीच्या आत दोष लपवून ताका बांधणारे आपल्यातही आहेत. कॅमेरा हा त्या अर्थी ढिगाऱ्यात घातलेला हात आहे आणि प्रामाणिक कारखानदाराने त्याला भिऊ नये. परंतु दोष कोणाचा, हे कॅमेरा सांगत नाही. त्याला तुटलेला धागा दिसतो, कच्चे सूत दिसत नाही. दोष दिसला की विणकराच्या मजुरीतून कापायचे, अशी रीत पडली तर निकृष्ट सुताची किंमत मीटरवर मजुरी घेणाऱ्या गरिबाच्या खिशातून जाईल. म्हणून आमचा आग्रह आहे की, ज्या कारखान्यात सुताच्या लॉटची नोंद नाही, तेथे कॅमेऱ्याच्या आधारावर एक रुपयाही कापला जाऊ नये. घरी बसून कांड्या भरणाऱ्या आपल्या भगिनींचे तर या साखळीत नावसुद्धा नसते. खरेदीदारांचे तपासनीस आता कामगारांविषयीही विचारू लागले आहेत. त्यांना दाखविण्यासाठी म्हणून नव्हे, हक्क म्हणून त्यांच्या कामाची आणि मजुरीची नोंद वहीत आली पाहिजे.

आणि आता सर्वांत नाजूक बाब. ही माहिती कोणाच्या ताब्यात राहणार?

आपल्याकडे बहुतेक काम मजुरीवर चालते. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आपली फक्त विणाई. समजा, उद्या व्यापारी म्हणाला, 'मागावर माझे मोजणी यंत्र लावा, पैसे मी देतो.' वरकरणी सौदा फायद्याचा. पण मग तुमचा माग किती वेळ चालतो, मीटरमागे वीज किती लागते, विणकराला काय देता, हे सगळे त्याला तुमच्याआधी कळेल. मजुरी ठरविताना तुमचा एक-एक पैसा त्याच्यासमोर उघडा असेल आणि त्याचा नफा तुमच्यासाठी बंद मुठीत. वर सांगितलेले वाढीव ११८ मीटर तुमच्या मेहनतीने निघतील आणि त्यांचा लाभ भाव पाडून तो घेऊन जाईल. यात व्यापाऱ्याने चोरी केली असेही म्हणता येणार नाही, कारण चावी तुम्हीच दिलेली असेल. २०२३ चा माहिती संरक्षण कायदा मुख्यतः व्यक्तीच्या माहितीसाठी आहे. कारखान्याच्या उत्पादनाचे आकडे त्याच्या भरवशावर सोडता येत नाहीत. तेथे संरक्षण एकच: लेखी करार.

आमच्या व्यापारी वाचकांनाही हे कठोर वाटेल. पण कारागिराची माहिती ही व्यापाऱ्याकडे ठेवलेली अमानतच आहे, मग ती सुताच्या पेटीत असो की सर्व्हरमध्ये. ज्याला टिकाऊ साखळी हवी, त्याने विणणाऱ्याला टिकू दिले पाहिजे.

लेखी कराराचा आणखी एक उपयोग आहे. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावयाचे असतात. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही अशी तरतूद आली की, मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय वजा करता येत नाही. त्या वेळी काही व्यापारी उद्यम नोंदणी असलेल्यांकडून माल घेणे टाळतात, अशा तक्रारी कापड बाजारातून आल्या होत्या. एकट्या-दुकट्याने नोंदणी केली की असे होते, सगळ्या मोहल्ल्याने केली की टाळणार कोणाला? ज्यांच्याकडे चलन, तारीख आणि मीटर यांची नोंद आहे त्यांनाच या तरतुदीचा लाभ घेता येतो. येथेही वहीच पुढे येते.

एक सूचना जाता जाता. हिशेबाचे हे मोबाइल कार्यक्रम फुकट मिळतात, कारण त्यांतले अनेक पुढे कर्ज विकतात. तुमची उलाढाल पाहून 'दोन मिनिटांत कर्ज' असा संदेश येतो आणि व्याजाचा दर सर्वांत खालच्या ओळीत असतो. फुकट वहीची किंमत अशी वसूल होते. बिले वटवून देणाऱ्या व्यवस्थांबाबतही उलेमांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे आम्ही सुचवितो.

चोवीस मागांच्या मालकाने एकट्याने यात पडू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. दहा-पंधरा कारखानदारांनी मिळून एक कॅमेरा असलेले तपासणी मेज घ्यावे, एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी पगारावर ठेवावी आणि माहिती आपल्या संस्थेच्या नावावर ठेवावी. वस्त्रोद्योग आयुक्तांच्या अखत्यारीत यंत्रमाग सेवा केंद्रे आहेत, त्यांच्याकडून सूत आणि कापड तपासून घेण्याची सवय लावावी. आयटीआय किंवा डिप्लोमा करून घरी बसलेली मुले प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांना मुंबई-पुण्याला पाठविण्याआधी सहा महिने बापाच्या कारखान्याच्या नोंदी करायला लावाव्यात. मागाची घरघर ऐकत वाढलेल्या मुलाला ताणा आणि बाणा समजावून सांगावा लागत नाही. हे ज्ञान बाहेरच्या कंपनीला विकत घ्यावे लागते.

आणि एखादा विक्रेता लॅपटॉप घेऊन आलाच तर चहा पाजून त्याला पाच गोष्टी विचाराव्यात. माझी माहिती कोठे राहील आणि आणखी कोण पाहील? करार संपला तर ती मला कोणत्या स्वरूपात परत मिळेल? इंटरनेट गेले तर माग चालेल की थांबेल? यंत्राचा अंदाज चुकून माल पडून राहिला तर नुकसान कोणाचे? आणि माझ्यासारखा साधा, जुना माग असलेल्या कोणत्या कारखान्यात हे सहा महिने चालले आहे, तेथे मला नेऊन दाखवाल का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तो चित्रफीत दाखवू लागला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. पत्ता दिला, तर भाडे खर्चून जाऊन यावे आणि मालकाशी बोलण्याआधी तेथील विणकराशी बोलावे.